बांधावरची दारे

पूर्वी कुमुदनगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीच्या बांधाची राखण करणाऱ्या कुळात जन्मला होता. नगर सखल जागी वसले होते आणि मातीचा तो बांध हाच त्याचा आधार होता.

एके सकाळी नदीला मोठा पूर आला. बोधिसत्त्व धावतच राजसभेत गेला. "महाराज, सांजेपर्यंत बांध फुटेल. दवंडी पिटा. सगळ्या नगराला बोलवा."

शूलक नावाचा मंत्री हसला. माणसांविषयी वाईट बोलले की आपण शहाणे दिसतो, अशी त्याची पक्की समजूत होती. तो म्हणाला, "लोक बांधावर येतील होय? गाठोडी बांधून पळतील, आणि जाता जाता शेजाऱ्याचं घर लुटतील. महाराज, वेशी बंद करा आणि सैनिकांना कामाला लावा."

"शंभर सैनिकांनी हा बांध राहायचा नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "लोकांना खरं सांगा. ते येतील."

"आणि नाही आले तर?" राजाने विचारले.

"माझी बायकामुलं बांधाखालीच राहतात, महाराज. मी त्यांना हलवलेलं नाही."

राजाने वेशी उघड्या ठेवल्या आणि दवंडी पिटवली. ती ऐकताच रस्त्यावरची माणसे भराभर घरात शिरली. बोधिसत्त्व आणि सैनिक बांधावर माती टाकू लागले, पण लोकांपैकी तिथे कोणीच आले नाही. थोड्या वेळाने गल्ल्यांतून लाकडे उचकटल्याचे आवाज येऊ लागले.

"ऐका!" बांधावर उभा असलेला शूलक म्हणाला. "दारं फोडताहेत. लूट सुरू झाली."

बोधिसत्त्व माती टाकतच राहिला. मग वेशीतून माणसे बाहेर पडली. प्रत्येक घरच्यांनी आपलेच दार बिजागऱ्यांतून काढून डोक्यावर घेतले होते. पुढे खेमा नावाची म्हातारी कुंभारीण होती. ती म्हणाली, "नुसती माती वाहून जाते, बाबा. फळी लावून तिच्यामागं भरली तर टिकते. घरात दाराएवढी फळी दुसरी कुठली?"

दारे ओळीने उभी राहिली, त्यांच्यामागे माती भरली गेली. अखेरीस एका दाराएवढे भगदाड उरले आणि पाणी त्यातूनच उसळू लागले. तेव्हा लोकांना मघाशी निघून गेलेला शूलक दिसला. तो धापा टाकत, नोकरांसह आपल्या वाड्याचे खिळ्यांनी मढवलेले जाड दार घेऊन येत होता. त्याला मान वर करवत नव्हती.

"या मंत्रिमहाराज, हे टोक धरा," बोधिसत्त्व म्हणाला. जणू त्याचीच वाट पाहत होता.

बांध टिकला. पाणी ओसरायला तीन दिवस लागले. तोवर सारे नगर बिनदाराचे होते, पण कोणाच्या घरातले साधे मडकेही हलले नाही.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तो शूलक म्हणजे आज दारोदार भिक्षेला जाताना प्रत्येकाच्या मनात खोट शोधणारा हा भिक्षू वंकक. खेमा म्हणजे काल त्याच वंककाला आपल्या ताटातला घास वाढणारी विणकरीण. बांधाचा राखणदार मी होतो. मी तेव्हा माणसांवर विश्वास ठेवला, आणि वंकका, त्या माणसांत तूही होतास."

या कथेतला सद्गुण म्हणजे माणसावरची श्रद्धा.