डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

एका गावात एक स्काउट पथक होते. गाव डोंगराच्या अल्याड, आणि मुलांचे सगळे पराक्रम डोंगराच्या पल्याड. पल्याड ओढा होता, रान होते, दोर बांधून चढायचे कडे होते. तिथे गेलेल्या मुलांची खबर गावात कळावी म्हणून पथकाने हातात मावणारे चार रेडिओ मिळवले होते. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. पण मधला डोंगर मोठा आडमुठा. पल्याडचा आवाज तो अल्याड येऊ देत नसे. ओढ्याच्या वळणांमुळे पल्याडच्या दोन तुकड्यांनाही एकमेकींचे ऐकू येत नसे.

यावर खोतमामांनी तोड काढली. मामा पोलीस खात्यात तीस वर्षे बिनतारीवर बसलेले. निवृत्त होऊन गावी आले आणि मुलांना रेडिओ शिकवू लागले. त्यांनी डोंगराच्या माथ्यावर एक मुलगा बसवायची पद्धत पाडली. तिथे बसलेल्याला सगळ्यांचे ऐकू येई, आणि त्याचे सगळ्यांना. त्याला पथकात निरोप्या म्हणत. निरोप आला की वहीत लिहायचा, वेळ घालायची, जसाच्या तसा पुढे द्यायचा आणि पुढच्याचे उत्तर मागच्याला परत सांगायचे, एवढेच त्याचे काम.

“टपालवाल्यानं पाकीट फोडायचं नसतं,” मामा सांगत. “आत काय हाय ते ज्याचं त्याला ठावं.”

त्या वर्षी दसरा उलटल्यावर दोन दिवसांचे शिबिर ठरले आणि निरोप्या म्हणून सोपानची निवड झाली. सोपान बाजारपेठेतला, नववीतला. वक्तृत्वाची तीन बक्षिसे त्याच्या घरच्या फळीवर होती आणि ती ज्याने पाहिली नसतील असा पाहुणा गावात नव्हता. मुलगा हुशार, यात शंका नाही. फक्त स्वतःच्या हुशारीचा सहवास त्याला फार आवडे.

सकाळी घार संघाची मुले ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन ओढे मिळतात त्या संगमाकडे गेली. त्यांना दोराचा पूल बांधायचा होता. बगळा संघाची सहा मुले, त्यांत सगळ्यांत लहान बारका, खालच्या अंगाला गेली. तिथे ओढ्याच्या मधोमध एक सपाट कातळ होता. त्यावर चूल मांडून स्वयंपाक करायचा असे त्यांचे ठरले होते. पाणी घोट्याएवढे आणि ऊन कोवळे. सोपान वही, पेन्सिल आणि रेडिओ घेऊन माथ्यावरच्या करवंदीच्या जाळीजवळ बसला. शाळेत मुजावर सर, म्हणजे पथकाचे स्काउटमास्तर, आणि खोतमामा होते. बॅटरी पुरावी म्हणून शाळेतला रेडिओ दर तासाला पाचच मिनिटे चालू ठेवत. एरवी सगळा कारभार निरोप्याच्या हाती.

घार संघाचा रेडिओ बिरूकडे होता. बिरू धनगरवाड्यातला. शेळ्यांमागे रान पायाखाली घातलेला पोरगा. त्याचे बोलणे सावकाश, आणि दिसले ते सगळे सांगायची त्याला सवय.

“सोपानदा, आम्ही संगमावर पोचलो. हितं माकडं हाईत. एक लंगडं हाय. दोर भिजलाय, पर चालंल. वारं वरनं येतंय.”

सोपानला हसू आले. दहा वाजता शाळेचा रेडिओ चालू झाला तेव्हा त्याने पुढे सांगितले, “घार संघ संगमावर सुखरूप. काम सुरू.”

“शाब्बास,” मुजावर सर म्हणाले. “मोजकं आणि नेमकं.”

झाले. सोपानच्या अंगावर मूठभर मांस चढले. अकराच्या फेरीत त्याने बिरूच्या आठ वाक्यांचे एकच केले आणि बगळा संघाच्या चार वाक्यांना दोन चांगले शब्द जोडून दिले. सरांनी पुन्हा शाब्बास म्हटले. निरोप पोचवणे हे कुणाही येरागबाळ्याचे काम, त्यातले सार काढायला अक्कल लागते, असे त्याचे मत बनले. वहीत सगळे लिहीत बसण्याचाही त्याला कंटाळा येऊ लागला. सारच पोचवायचे, तर भुसा कशाला लिहायचा? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आजवर कुणाही शहाण्याला वेळेवर आठवलेले नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी रेडिओ खरखरला.

“सोपानदा, संगमाचं पानी गढूळ झालंय. पाला नि काटक्या वाहून याया लागल्यात. बगळ्यास्नी कळवा.”

“समजलं,” सोपान म्हणाला.

त्याने खाली पाहिले. डोंगराच्या पायथ्याशी ऊन पडले होते. गढूळ पाण्याचे बगळ्यांना काय करायचे? प्यायचे पाणी त्यांनी घरून कॅनमध्ये नेलेले. आता चुलीशी लगबग चालली असेल, तिथे पाल्याकाटक्यांच्या बातम्या कोण ऐकत बसेल? एकच्या फेरीला देऊ एखाद्या शब्दात. त्याने निरोप पुढे दिला नाही आणि वहीतही लिहिला नाही. डबा उघडून त्याने पोळीभाजी खाल्ली आणि शाळेला एक वाजता काय सांगायचे त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव केली.

मनगटावरच्या घड्याळात बारा एकतीस झाले तेव्हा बिरूचा आवाज पुन्हा आला. आवाज नेहमीसारखाच सावकाश होता.

“सोपानदा, बगळ्यांचं उत्तर काय आलं? तुमचा आवाज आयकू न्हाई आला मधी. उठलं का ते?”

“उठायचं कशाला?”

इतका साधा प्रश्न कुणी विचारील असे बिरूला वाटले नसावे.

“वढा येतोय न्हवं,” तो म्हणाला. “वर घाटात पाऊस लागलाय. आदी गढूळ येतं, मग पाला येतो, मग लोंढा येतो. हितं आमच्या गुडघ्याच्या वर चढलंय. आम्ही कवाच वर आलोय.”

सोपानने मान वळवली. मागे, घाटाच्या डोक्यावर, आभाळ काळेकुट्ट झाले होते. तो सकाळपासून त्या बाजूला पाठ करून बसला होता. सहा मुले ओढ्याच्या मधोमध कातळावर बसली होती, आणि त्यांचा निरोप एकवीस मिनिटे त्याच्यापाशी पडून होता.

“बगळा संघ, बगळा संघ, माथ्यावरून सोपान.”

उत्तर नाही. बगळ्यांनी रेडिओ काठावरच्या फांदीला अडकवला असणार आणि सगळे चुलीभोवती असणार. त्याने पुन्हा हाक दिली. पुन्हा दिली. हात इतके घामेजले की बटणावरून अंगठा घसरू लागला. शाळेचा रेडिओ बंद, उतरून जायचे तर पाऊण तास. त्याच्याजवळ आवाजाखेरीज दुसरे काही नव्हते. सातव्या हाकेला खरखर झाली.

“बोल रं सोपान,” बगळा संघाचा नायक जयसिंग तोंडातला घास सांभाळत म्हणाला. “पिठलं झालंय. येतोस का जेवायला?”

“जयसिंग, बिरूचा निरोप आहे. जसाच्या तसा सांगतो. संगमाचं पाणी गढूळ झालंय. पाला आणि काटक्या वाहून येत आहेत. वर घाटात पाऊस आहे. ओढा येतोय. संगमावर पाणी गुडघ्याच्या वर आहे.”

जयसिंग शेतकऱ्याचा पोर. त्याला पुढचे काही सांगावे लागले नाही. “आयला, हितंबी लालसर व्हाया लागलंय,” एवढेच तो म्हणाला आणि मग बटण दाबलेले असल्याने सोपानला त्याच्या हाका ऐकू आल्या. पातेलं ऱ्हाऊ दे. चपला ऱ्हाऊ दे. बारक्याचा हात धर. मग आवाज तुटला.

सोपान रेडिओ कानाशी धरून उभा होता. बसायचे त्याला सुचले नाही. तीनेक मिनिटे गेली असतील. त्याला ती दिवसभरापेक्षा मोठी वाटली.

“सोपान,” जयसिंगला धाप लागली होती. “सहाच्या सहा वर आलो. मोजलं दोनदा.”

सोपानच्या जिवात जीव आला. त्याने बिरूला हाक देऊन उत्तर जसेच्या तसे सांगितले. मग जयसिंगचा आवाज पुन्हा आला, आता हळू.

“कातळ दिसंना झालाय रं. पातेलं गेलं. सगळंच गेलं.”

सोपानने वही उघडली. बिरूचा निरोप त्याने एका ओळीत लिहिला. आला, बारा एकतीस. दिला, बारा बत्तीस. लिहिताना आपण खोटे लिहीत आहोत असे त्याच्या मनात आले नाही. लिहून झाल्यावर आले. तेव्हा त्याने वही मिटली.

दिवस मावळायच्या आत सगळे शाळेच्या मैदानात परतले. मुलांचे आईबापही आले होते, कारण ओढ्याची बातमी गावभर झाली होती. जयसिंगने सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, “सोपाननं हाका मारमारून आम्हाला उठवलं, म्हणून आज घरी जेवायला चाललोय.” बारक्याच्या आईने पुढे येऊन सोपानच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटे मोडली. सोपानला तो हात नकोसा झाला.

रोज संध्याकाळी निरोप्याची वही सर्वांसमोर वाचायची पद्धत होती. खोतमामांनी चष्मा लावला आणि वाचले, “आला, बारा एकतीस. दिला, बारा बत्तीस.” त्यांनी मान डोलावली. “एक मिनिट. आमच्या खात्यातबी अशी चपळाई कमी बघितली म्या.”

मुजावर सरांनी खिशातून उत्तम निरोप्याचे पदक काढले. सोपानने बिरूकडे पाहिले. खरी वेळ ठाऊक असलेला दुसरा माणूस तेवढाच होता. बिरू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तो बोलणार नाही हे त्याच्याकडे पाहूनच कळत होते. सोपान गप्प राहिला असता तर पदक त्याचे होते, आणि कुणाचे काही बिघडणार नव्हते.

“सर, थांबा,” सोपान म्हणाला. “वहीतली वेळ खोटी आहे. बिरूचा निरोप बारा दहाला आला होता. मी तो दिला नाही. बिरूनं परत विचारलं तेव्हा दिला.”

बारक्याच्या आईने बारक्याला जवळ ओढून घेतले.

“एकवीस मिनिटं?” जयसिंगने विचारले.

“एकवीस.”

“तेवढ्यात आम्ही डाळीच्या पिठाच्या गुठळ्या मोडत होतो,” जयसिंग म्हणाला. “बारका पाय सोडून बसला हुता पाण्यात.”

सोपानला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही.

“का दिला न्हाईस?” मामांनी विचारले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

“मला तो फालतू वाटला.”

“तुला वाटला. बरं, कुनासाठी हुता निरोप? तुझ्यासाठी?”

“बगळा संघासाठी.”

“मग फालतू का मोलाचा, हे कुनी ठरवायचं?”

याचे उत्तर सोपानला दुपारीच मिळाले होते. मुजावर सरांनीही मान खाली घातली. “शाब्बासकी मीच दिली होती,” ते म्हणाले. “दोनदा दिली. ती चूक माझी.” मग त्यांनी पदक बिरूच्या शर्टाला लावले. बिरू संकोचून गेला. “म्या काय केलं, सर? दिसलं ते सांगितलं,” तो म्हणाला.

मामांनी वही सोपानपुढे धरली. त्याने चुकीच्या वेळेवर रेघ मारली, वर खरी वेळ लिहिली आणि खाली सही केली. प्रश्न उरला दुसऱ्या दिवसाचा. पाणी ओसरल्यावर ओढ्याच्या वरच्या कड्यावर चढाई व्हायची होती. माथ्यावर कुणाला बसवायचे? दोनतीन बापे पुटपुटले की आता हा नको. मामा म्हणाले, “ज्यांचा जीव टांगनीला लागला हुता त्यास्नी इचारू,” आणि त्यांनी जयसिंगकडे पाहिले.

जयसिंगला राग आला होता आणि तो त्याच्या तोंडावर दिसत होता.

“सोपानच बसू द्या,” तो म्हणाला. “दुसरा कुनी बसला तर तो असा चुकंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. चुकला तर सांगंल का, तेबी म्हाईत न्हाई. ह्याचं दोन्ही म्हाईत झालंय.”

मामांनी वही मिटून सोपानच्या हातात दिली. सोपानने ती दोन्ही हातांनी घेतली.

तात्पर्य: दुसऱ्याचा निरोप आपल्या अकलेच्या चाळणीने चाळू नये, तो जसाच्या तसा, वेळेवर पोचता करावा. आणि हातून चूक झालीच, तर ती आपल्याच तोंडाने सांगावी, कारण गेलेला विश्वास त्याच वाटेने परत येतो.