केरबाचा निळा पाइप

कड्या, दोर आणि पाइप माणसांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. स्लॅबमध्ये रोवलेली जाड कडी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होती, म्हणून केरबा रंगाऱ्याने बाहेरची भिंत रंगवायला उतरण्यासाठी कमरेचा दोर जवळच्याच पाण्याच्या पाइपाला बांधला. पाइप त्याने कालच निळा रंगवला होता.

"केरबा, मला नको रे बांधू," पाइप कळवळून म्हणाला. "मी आतून गंजलोय."

"काहीतरीच! नवाकोरा दिसतोयस."

"तो तुझाच रंग आहे, बाबा."

दोरालाही राहवेना. "उतरण्याआधी मला एकदा जोरात ओढून तरी बघ."

केरबाने हिसका दिला. पाइप कडकन मोडला.

मग केरबा दोर घेऊन कडीकडे गेला.

"ये," कडी मायेने म्हणाली, "पण आधी मलाही ओढून बघ."