सदूभाऊ प्रस्ताव तपासतात

एका तालुक्याच्या गावात एक भोळा ग्रंथपाल होता. नाव सदानंद कोष्टी. कॉलेजात सगळे त्यांना सदूभाऊ म्हणत. माणूस सोन्यासारखा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त सांगितलेलं काम ते सांगितल्याबरहुकूम करत, आणि सगळी भानगड तिथेच होती.

ग्रंथालयात पाटी होती, 'शांतता राखा'. सदूभाऊ अकरा वर्षं त्या खोलीत एक शब्द बोलले नव्हते. पुस्तक नसलं तर चिठ्ठीवर 'नाही' लिहून देत. दुसरी पाटी होती, 'पुस्तक सात दिवसांनी परत करावे'. एका मुलाने दोन दिवसांत वाचून परत आणलं, तर त्याला चिठ्ठी मिळाली, 'पाच दिवसांनी या'. मुलगा गेला. पाच दिवसांनी आलाही. आमच्याकडची मुलं तशी गरीब स्वभावाची.

त्या वर्षी विद्यार्थी परिषदेची निवडणूक लागली. प्राचार्य नलवडे सरांनी नियम केला. प्रत्येक उमेदवाराने विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा आणि भल्याचा एक प्रस्ताव द्यायचा. प्रस्तावाला दहात पाच मार्क पडले तर निवडणुकीला उभं राहता येईल, नाहीतर अर्ज बाद. आता तपासणार कोण? प्राध्यापकांपैकी एक या उमेदवाराचा मामा, तर दुसरा त्या उमेदवाराचा मेहुणा. कुणाचाच कुणी नाही असा एकच माणूस कॉलेजात होता. सदूभाऊ.

तीन प्रस्ताव आले. पहिला रणधीर घोरपडेचा. रोज सकाळी प्रत्येकाला वाटीभर मोड आलेली मटकी, आणि मटकी पचायला तीन किलोमीटर पळणं. रणधीर स्वतः जिना चढतानाही मध्ये एकदा बसून घेई, पण प्रस्ताव बारा पानी होता. दुसरा प्रस्ताव केदार मगदूमचा. मुलांच्या मनावर फार ताण असतो, तर त्यांचं ऐकून घेणारा एक माणूस हवा, असा. सहा पानं आणि शेवटी चारोळी.

तिसरा स्नेहल लोहारचा. एकच ओळ होती. 'मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा.'

हे स्वच्छतागृह दोन वर्षांपूर्वी बांधलेलं. पांढऱ्या फरशा, पिवळे नळ. उद्घाटनाला नारळ फुटला आणि त्याच दिवशी कुलूप लागलं. 'तपासणी समिती येईपर्यंत नवंच्या नवं राहू दे,' नलवडे सर म्हणाले. समिती अजून यायची होती. मुली सकाळी सातच्या एसटीने येत आणि चारच्या एसटीने जात. तोवर पाणी प्यायच्या नाहीत. बाटल्या भरून आणायच्या आणि तशाच भरलेल्या परत न्यायच्या. एक प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली, दोघी जळजळ होऊन दवाखान्यात राहून आल्या. वाईट वाटण्यासारखीच गोष्ट होती. पण किल्ली सरांच्या ड्रॉवरात होती, आणि ड्रॉवराला वाईट वाटत नाही.

"सदूभाऊ," सर म्हणाले, "नीट तपासा आणि मार्क द्या."

सदूभाऊंनी लाल पेन घेतलं. बोर्डाचे पेपर तपासतात तसे प्रस्ताव तपासले. पानं मोजली, समासात बरोबरच्या खुणा केल्या. रणधीरला नऊ, केदारला सहा, आणि चारोळीचा अर्धा मार्क वेगळा. स्नेहलला अर्धा. खाली शेरा, 'उत्तर फार थोडक्यात. आकृती काढलेली नाही.'

स्नेहलने शेरा दोनदा वाचला. मग पुन्हा तीच ओळ लिहून खाली कुलपाची आकृती काढून दिली. सदूभाऊंनी तिला एक मार्क वाढवून दिला.

तेवढ्यात केदारची मंडळी सरांकडे गेली. रणधीरच्या प्रस्तावात पाच ते आठ ही पानं दोनदा जोडली होती. सरांनी सदूभाऊंना बोलावलं.

"अहो, ही काय उत्तरपत्रिका आहे? पानं काय मोजता? प्रस्ताव करून बघायचा असतो. झेपतो की नाही ते बघायचं."

"बरं, सर."

सदूभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं. मार्क खोडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिला प्रस्ताव मटकीचा. कॉलेजात मुलं तीनशे. घरातल्या सगळ्या पातेल्यांत, कळश्यांत आणि शेवटी न्हाणीतल्या बादलीत मटकी भिजली. वहिनींनी विचारलं, "एवढी कुणाला?" सदूभाऊ म्हणाले, "करून बघायचीय." तिसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात मटकी घेऊन बसले आणि करून बघायला लागले. पहिली वाटी संपली. दुसरी संपली. एकोणिसाव्या वाटीला त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. दोन दिवस रजेवर होते. तिसऱ्या दिवशी येऊन शेरा लिहिला, 'तीनशे वाट्या झेपत नाहीत.'

"अहो, तुम्ही कशाला खाल्लीत?" सर म्हणाले. "प्रस्ताव विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यार्थ्यांना बोलवायचं, पटांगणात बसवायचं, सगळ्यांसमक्ष करायचं. म्हणजे नंतर कुणी शंका काढत नाही."

सरांचं बरोबरच होतं. सदूभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं. पण उरलेली मटकी तोवर आंबून गेली होती. म्हणून त्यांनी दुसरा प्रस्ताव घेतला. मन मोकळं करण्याचा.

पटांगणात सतरंज्या अंथरल्या. लाउडस्पीकर लावला. तीनशे मुलं बसवली, आणि एकेकाला माईकपाशी बोलावलं.

"बाळ, तुझ्या मनात काय आहे ते सगळ्यांसमक्ष सांग."

पहिला मुलगा म्हणाला, मला इंग्रजीची भीती वाटते. टाळ्या पडल्या. दुसऱ्याला टाळ्यांनी चेव आला. तो म्हणाला, मी मागच्या वर्षी तीन विषयांत नापास झालो आणि घरी पास झालो म्हणून पेढे वाटायला लावले. त्याचे वडील कॅन्टीनला दूध घालत. ते नेमके किटली घेऊन तिथेच उभे होते. मुलगा पळाला, मागे वडील, मागे किटली.

"अहो, काय हे सदूभाऊ," सर म्हणाले. "असली गोष्ट चव्हाट्यावर करतात होय? एकेकट्याला घ्यायचं, दार लावायचं, बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. आणि माणूस मध्येच उठायला लागला तर उठू द्यायचं नाही. धीर द्यायचा. पहिल्यांदा नको वाटतं, मग बरं वाटतं."

सदूभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं. उद्यापासून असंच करायचं ठरवलं. उद्या मात्र पहिल्या प्रस्तावातल्या पळण्याची पाळी होती.

कुणाला घ्यावं? ज्याचा प्रस्ताव तोच बरा. त्यांनी रणधीरला मासिकांच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. मधल्या टेबलाभोवतीचं अंतर टेपने मोजलं. तीन किलोमीटर म्हणजे टेबलाला दोनशे पन्नास फेऱ्या. ती खोली ग्रंथालयातच, म्हणून सगळं चिठ्ठीवर. 'पळ.'

रणधीर पळाला. दहाव्या फेरीला त्याने शर्ट काढला. तिसाव्या फेरीला तो दाराकडे वळला. सदूभाऊंनी चिठ्ठी दाखवली, 'पहिल्यांदा नको वाटतं.' चाळिसाव्या फेरीला तो जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर आडवा झाला. सदूभाऊंनी त्याला पंख्याने वारा घातला आणि दुसरी चिठ्ठी पुढे केली, 'मग बरं वाटतं.' शेवटी विचारलं, 'प्रस्ताव कसा आहे?' रणधीरला बोलता येत नव्हतं. त्याने अंगठा वर करून दाखवला. उमेदवार होता तो.

त्याच्या वडिलांचा सरांना फोन आला. फोनवर काय झालं ते आम्हाला माहीत नाही, पण सरांनी खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला लागली.

"सदूभाऊ, जरा डोकं चालवा. ज्याचा प्रस्ताव त्याच्यावरच काय प्रयोग करता? तो मेला तरी चांगलाच म्हणेल. आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणतं का? ज्याला प्रस्ताव नकोय ना, त्याच्यावर करून बघा. त्याला पटला, तर तो प्रस्ताव खरा."

हे तर फारच बरोबर होतं. सदूभाऊंनी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

उरला तिसरा प्रस्ताव. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. स्नेहलचे दीड मार्क खोडलेले, नवे अजून पडले नव्हते.

सदूभाऊ शनिवारी वही घेऊन कॉलेजभर फिरले. कुलूप काढायला कुणाची ना आहे? मुलींची नव्हती. मुलांची नव्हती. झाडूवाल्या सखुबाई म्हणाल्या, "माझी कशापायी? झाडीन की मी, त्यात काय." शेवटी ते स्नेहलकडे आले. ती व्हरांड्यात भरलेली बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

"तुझा प्रस्ताव कुणाला नकोय?"

"प्राचार्य सरांना, सदूभाऊ. दुसऱ्या कुणाला?"

"आणि तो करून बघायचा म्हणजे काय करायचं?"

स्नेहल कंटाळली होती. गेल्या आठवड्यात ती दोनदा सरांकडे जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा चहाचा कप पुढ्यात ठेवून सरांनी तिला समितीची गोष्ट सांगितली होती.

"काय करायचं म्हणजे? चार वाजेपर्यंत आमच्यासारखं राहून बघायचं."

सदूभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं.

सोमवारी नलवडे सर दहाला आले. सरांच्या केबिनला आतून जोडलेलं स्वच्छतागृह होतं. त्याला आज कुलूप होतं, ग्रंथालयाच्या संदर्भग्रंथांच्या कपाटाचं, चांगलं सात लिव्हरचं. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एक चहा घेतला. मग संस्थेचे कुणी आले म्हणून दुसरा घेतला. ते गेले, आणि सदूभाऊ आत आले. दाराला आतून कडी लावली आणि दारालाच खुर्ची टेकवून बसले.

"काय आहे, सदूभाऊ?"

"प्रस्ताव तपासतोय, सर. तुम्ही तुमचं चालू द्या."

सरांनी चालू दिलं. अकराला तिसरा चहा झाला, तो सदूभाऊंनी थर्मासमधून आणला होता. साडेअकराला सर उठले आणि आतल्या दारापाशी गेले. परत आले.

"याला कुलूप कुणी घातलं?"

"मी, सर."

"काढा."

"चारला, सर."

"चारला म्हणजे?"

सदूभाऊंनी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. एकेकट्याला घ्यायचं, घेतलंय. दार लावायचं, लावलंय. ज्याला नकोय त्याच्यावर करायचं. ते ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि सर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"मी बाहेर जातो," सर म्हणाले.

"पहिल्यांदा नको वाटतं, सर."

सरांच्या हातात फोन होता. पण फोन कुणाला करायचा आणि काय सांगायचं? संस्थेच्या अध्यक्षांना असलं सांगता येत नाही. ओरडावं, तर बाहेर व्हरांड्यात तीनशे मुलं. सर बसले. उठले. पुन्हा जपून बसले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी बोटाने लांब सरकवला.

"सदूभाऊ," थोड्या वेळाने सर म्हणाले, आवाज अगदी बारीक झाला होता, "या पोरी चारपर्यंत कशा राहतात हो?"

"पाणी पीत नाहीत, सर. तुमचे तीन चहा झाले, त्यामुळे तुम्हाला थोडं अवघड जातंय."

एक वाजून दहा मिनिटांनी सरांनी कागद ओढला. अक्षर वेडंवाकडं आलं, पण सही ठसठशीत होती. 'मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप तात्काळ व कायमचे काढण्यात यावे.' किल्ली ड्रॉवरातून काढून टेबलावर आपटली.

"प्रस्ताव पटला, सर?"

"पटला. अहो पटला. जा आणि कुलूप काढा."

सदूभाऊ कागद आणि किल्ली घेऊन बाहेर पडले. जाताना दाराला बाहेरून कडी घातली, कारण बाहेर पत्ता लागू द्यायचा नव्हता. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप गंजलं होतं, सखुबाईंनी त्यात खोबरेल सोडलं तेव्हा उघडलं. दोन मिनिटांत रांग लागली. रांगेत उभ्या उभ्याच स्नेहलने बाटलीचं झाकण काढलं आणि अर्धी बाटली घटाघटा प्यायली. बघणाऱ्याला बरं वाटलं. सदूभाऊंनी तिथेच, तिच्यासमोर, तिला दहात दहा दिले आणि अर्जावर शिक्का मारला.

मग ते सावकाश केबिनकडे आले. वाटेत कुणीतरी पुस्तक मागितलं, ते काढून दिलं. कडी काढून आत शिरले आणि ती आतून पुन्हा लावली. सर खिडकीचे गज धरून उभे होते.

"काढलं?"

"काढलं, सर. सगळ्या पोरी खूश आहेत."

"बरं झालं. आता हे काढा."

सदूभाऊंनी आतल्या दाराकडे बघितलं. मग हातातला आदेश पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिन्ही प्रस्ताव वाचले.

"तुमच्या कुलपाबद्दल प्रस्ताव आलेला नाही, सर."

"मी देतो प्रस्ताव. आत्ता देतो. कागद द्या."

"प्रस्ताव उमेदवारानेच द्यायचा, असा तुमचा नियम आहे, सर. आणि उमेदवार आपल्या कॉलेजचा विद्यार्थी लागतो." सदूभाऊंनी थर्मासमधला उरलेला चहा सरांच्या कपात ओतला आणि त्यांच्या पाठीवर मायेने हात ठेवला. "धीर धरा. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात."