वाट देणाऱ्याचे आभार

एकदा एक वृद्ध शिक्षक आपल्या शिष्याला गाडी चालवायला शिकवत होते. तुम्ही म्हणाल, यात दृष्टांत कसला? जरा धीर धरा.

सर मूळचे चिपळूणचे. चाळीस वर्षे इंग्लंडातल्या एका खेड्यात गणित शिकवून तिथेच निवृत्त झालेले. शिष्य हेरंब दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त तिकडे गेला होता. पुण्यात त्याला गाडी उत्तम येत असे, म्हणजे हॉर्न उत्तम वाजवता येत असे. पण या खेड्यातले रस्ते इतके अरुंद की एका वेळी एकच गाडी जाईल, आणि दुतर्फा उंच झाडोऱ्याची कुंपणे. समोरून कोणी आले की एकाने मागे सरत रुंद जागा गाठायची, आणि दुसऱ्याने पुढे जाताना हात वर करून त्याचे आभार मानायचे, असा तिथला रिवाज. सरांनी पहिला धडा तोच दिला.

हेरंब हसला. "सर, त्याने वाट दिली, आपण गेलो. संपलं. आपल्यात कोण असं उठता-बसता आभार मानतं?"

"आपल्यात नाहीच मानत," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सरांच्या पत्नी, शरयूकाकू, तेव्हा जवळच्या शहरात इस्पितळात होत्या. एका सकाळी तिथून फोन आला : "लगेच निघा. त्या तुमचं नाव घेताहेत." सरांना गाडीची किल्लीही सापडेना, म्हणून गाडी हेरंबने घेतली. अर्ध्या वाटेत समोरून गाडी चालवत एक म्हातारी बाई आली. यांची घाई पाहून ती बिचारी बरेच अंतर मागे गेली आणि गाडी कुंपणात घालून थांबली. हेरंब सुसाट पुढे निघून गेला. हात वर करायचे राहिले.

"गाडी थांबव," सर म्हणाले.

"सर, उशीर होतोय."

"थांबव म्हणतो ना."

सर उतरले, काठी टेकत मागे गेले, त्या बाईच्या खिडकीशी वाकले आणि त्यांनी तिचे आभार मानले. इथवर ठीक होते. पण ते तिथेच उभे राहिले. हवेविषयी बोलले, तिच्या शेजारी बसलेल्या कुत्र्याची चौकशी केली. चांगली पाच मिनिटे गेली. हेरंब कपाळाला हात लावून बसला होता.

इस्पितळात नर्स दाराशीच भेटली. "आत्ताच गेल्या," ती म्हणाली. "शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या."

दुपारी इस्पितळातल्या बाकावर शेजारी बसल्यावर हेरंबला राहवले नाही. "सर, एका परक्या बाईसाठी तुम्ही थांबलात. का हो?"

सर म्हणाले, "तुला वाटलं, मी शिष्टाचार पाळला. नाही रे. मी मुद्दाम वेळ काढला. बावन्न वर्षं हिनं मला वाट दिली. स्वतःची नोकरी सोडून माझ्यामागे या थंडीत आली. तिची आई गेली तेव्हा मी आजारी होतो, म्हणून ही गावी गेली नाही. मी एकदाही आभार मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो, असं आपण म्हणतो. सोयीचं आहे ते. आपल्याकडे आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी असतं, तेव्हा निम्मे लोक चपला शोधत असतात. आज मला ते करायचं होतं, आणि मी घाबरलो. तिच्यासमोर काय बोलायचं तेच सुचेना. त्या बाईपाशी शब्द आले, म्हणून तिथंच उभा राहिलो."

हेरंबला त्यांचे सांत्वन करता आले नाही. खरे सांगायचे तर सांत्वन करण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

तो बाहेर आला आणि त्याने सांगलीला बायकोला फोन लावला. दोन वर्षे ती एकटी त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे सगळे करत होती. तो अडखळत म्हणाला, "आप्पांचं एवढं करतेस तू. तुझे आभार मानायचे होते."

पलीकडून ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, खरं सांगा. काय झालंय तुम्हाला? डॉक्टर काय म्हणाले?"

आपल्याला काही झालेले नाही, हे तिला पटवून देण्यात त्याचा अर्धा तास गेला, आणि आभार राहूनच गेले.