पहिलं दार

“…पण तुम्हाला दरवर्षी परत का बोलावतात, बाबा? मला एकदा बोलावतात. दुसऱ्यांदा कुणीच बोलावत नाही.”

रायभान बहुरूपी झोपडीच्या दारात बसून, फुटक्या आरशात बघत, ओठावर मिशी चिकटवत होता.

मिहीर साठ्ये पुण्याहून प्रवरेकाठच्या त्या गावात आला होता, तो हे विचारायलाच. स्टँड-अप कॉमेडी हाच आता त्याचा धंदा होता. त्यासाठी विमा कंपनीतली नोकरी त्याने आईशी भांडून सोडली होती. फोनवर लाखो लोक त्याला बघत, पण फुकट. कंपन्या वार्षिक समारंभाला बोलावत, पैसे देत, पोट धरधरून हसत आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाला बोलावत. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या नावावर तिकीट लावून नाट्यगृहात उभा राहणार होता. प्रयोग पडला, तर पुन्हा विम्याचं टेबल.

आणि हा म्हातारा! तीच गावं, तीच घरं, त्याच जुन्या मिशा. लोक सूपभर धान्य घालत, नोट हातावर ठेवत आणि वर विचारत, “आता कधी येणार?”

“काहीतरी गुपित असेल ना?”

“हाय की.” रायभान म्हणाला. “डिंक चांगला पायजे. मिशी पडली की बहुरूपी पडला.”

मिहीरला हसू आलं नाही. विनोद कसा रचतात, हशाचा ठोसा कुठे द्यायचा, थांबायचं किती, हे तो रीतसर शिबिरं करून शिकला होता. त्याने तसं सांगितलंही.

“मग दाव की. तुजं सगळ्यात चालनारं सोंग दाव.”

“सोंग नाही, बाबा. त्याला निरीक्षण म्हणतात.”

“बरं, निरीक्षान दाव.”

मिहीरने चुलीजवळची पळी उचलली आणि मालनकाकू केल्या. कॉलेजची सगळी वर्षं तो ज्यांच्या मेसमध्ये जेवला, त्या मालनकाकू. भाजी मागितली की पातेल्यात न बघताच “संपली!” म्हणणाऱ्या. आजारी पडलेल्या पोराला “अभ्यास करायला नको म्हणून ताप काढलास ना?” असं झापणाऱ्या. आणि शेवटी तो हात. आमटी वाढताना थरथरणारा काकूंचा उजवा हात. पळी ताटापर्यंत पोचेस्तोवर अख्ख्या पंगतीवर आमटीचा शिडकावा.

रायभान इतका हसला की मिशी एका बाजूने सुटली.

“आरं लेका! बेस! हात तर लईच बेस!”

“हातावरच टाळ्या पडतात,” मिहीर म्हणाला. छाती जरा पुढे आली होती.

खरंच पडत. गारेगार सभागृहांत, भरल्या पोटी, नॅपकिनला हात पुसत माणसं त्या हातावर टाळ्या वाजवत.

रायभानने मिशी दाबून बसवली. खाकी सदरा चढवला, पोटाला उशी बांधली, गळ्यात शिट्टी अडकवली. आजचं सोंग हवालदाराचं होतं.

“चल.”

“बाजारात?”

“बाजार मागनं. आदी पहिलं दार.”

पहिलं दार पोलीस चौकीचं निघालं. ज्याचं सोंग, त्याच्या दारात ते आधी करायचं, ही त्याच्या घराण्याची रीत.

खुर्चीत हवालदार गुंजाळ बसले होते. रायभानने आत शिरताच कर्कश शिट्टी फुंकली.

“उठा! तक्रार हाय तुमच्याविरुद्ध! आज सकाळपासनं तुम्ही एकबी चहा फुकट पिला न्हाई! खात्याची अब्रू घालवली!”

शिपाई खो-खो हसले. गुंजाळांचे कान लाल झाले.

“रायभान, लई झालं.”

“झालं कसं, सायेब? अजून भेळवाला ऱ्हायलाय.”

गुंजाळांनी दात-ओठ खाल्ले, मिशीत तोंड लपवलं आणि अखेर त्यांनाही हसू फुटलं. “मर, भाड्या!”

मग रायभान डावा पाय ओढत टेबलाभोवती चालू लागला. हुबेहूब गुंजाळांची चाल. शिपाई भिंतीला धरून हसायला लागले. गुंजाळही हसले… जरा उशिरा. आणि हसता हसता त्यांनी डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

पुढचं पाऊल रायभानने सरळ टाकलं. सलाम ठोकला आणि बाहेर आला.

बाजाराच्या वाटेवर मिहीर त्याच्याकडे बघतच राहिला. म्हातारा ताठ चालत होता.

“ते लंगडणं, बाबा! सगळ्यात मोठा हशा त्यालाच होता!”

“व्हता.”

“मग बाजारात नाही करणार?”

“न्हाई. त्यानं पाय आत घेतला.”

मिहीर उसळला. “म्हणजे पोलिसाला विचारून विनोद करायचा? ही तर लाचारी झाली!”

रायभान थांबला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

“विचारतंय कोन? चहाचं त्याला झोंबलं. ते बाजारात दोनदा करनार. त्याच्या बायकूदेखत करनार.”

“आणि पाय?”

“पायाचं त्याला लागलं.”

…

मारुतीच्या पारावर दोघे टेकले. समोर बाजार भरत होता. एका बाईने भाजीच्या ढिगामागून ओरडून विचारलं, “आज कंचं सोंग, बाबा?” रायभानने नुसतीच शिट्टी वाजवून दाखवली. ती आधीच हसली.

“तुज्या त्या काकूचं दार कुठंशी हाय?”

“पुण्यातच. माझा प्रयोग आहे, त्याच नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत.”

“गेलतास?”

“पूर्वी जायचो. दर दिवाळीला.” मिहीर बोटं मोडत होता. “त्यांच्यावरचा तो व्हिडिओ चालला… त्यानंतर वेळ नाही झाला.”

“तिनं बघितला?”

“माहीत नाही.”

रायभान बाजाराकडे बघत राहिला. मिहीरलाच ते सोसेना.

“बघितला. मेसमधल्या पोरांनीच दाखवला.” तो खाली मान घालून म्हणाला. “मित्र सांगत होता, आता काकू वाढायला बाहेर येत नाहीत. स्वयंपाकघरात बसतात. वाढायला दुसरी बाई ठेवलीय.”

…

“तो हात काढला तर माझ्या प्रयोगात उरतं काय, बाबा?”

रायभानने गळ्यातली शिट्टी सदऱ्याला पुसली.

“आणि समजा, गेलो. दारात उभा राहून करू काय? त्यांच्यापुढे त्यांचंच सोंग करू? पाया पडू? ‘चुकलो’ म्हणू?”

रायभान उठला. उशी पोटावर नीट बसवली, टोपी तिरकी केली. बाजारातली पोरं “आला, आला!” करत त्याच्याकडे पळत सुटली होती. चार पावलं गेल्यावर तो वळला.

“भूक लागलीया म्हन.”