घर सोडल्यासारखं वाटायला हवं

थोरल्या भावाने, धनंजयरावांनी, फर्मानच काढलं, "मे महिन्यात सगळ्यांनी युरोपला यायचं!" त्यांच्यासमोर नाही म्हणायची मुकुंदाची छाती नव्हती. लेकीच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागणार, म्हणून तो घाम पुसत राहिला.

शेवटी त्याची बायको मंदाकिनी म्हणाली, "भाऊजी, गुहागरच्या व्याडेश्वराला सहकुटुंब येईन, असा माझा नवस आहे. आम्ही तिकडेच जाऊ म्हणतो."

"गुहागर? हाकेच्या अंतरावर कुठे सहल होते का गं?"

मंदाकिनीने शांतपणे चहा पुढे केला. "पण तिकडे युरोपात माझ्या सोमवारांचं काय?"

"अगं, साबुदाण्याची खिचडी मिळते! रोज वरणभात. टूरबरोबरचा आचारी आपला कोल्हापूरचा."

"आणि बोलायला कोणी?"

"बसभर आपलीच माणसं! संध्याकाळी भेंड्या. घर सोडल्यासारखं वाटतच नाही बघ!"

"मग एवढ्या लांब कशाला जायचं, भाऊजी? घरासारखं तर आम्हाला घरीच वाटतं. गुहागरला निदान समुद्र आहे. तो काही आमच्या घरी नाही."

धनंजयराव चहा सांडेपर्यंत हसले. "जा बाई, जा! माझाही नमस्कार सांग देवाला."

मुकुंदाने मनातल्या मनात देवाला नमस्कार आधीच केला होता. आता तो एसटीची तिकिटं काढायला उठला.