तिसरा आलेख

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे एक अडचण घेऊन आला. गुरू तळ्याकाठच्या एका गावात राहत. आयुष्यभर त्यांनी शाळेत शिकवले आणि उरलेल्या वेळात पक्षी पाहिले. पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिष्य त्यांच्याकडूनच शिकला होता. पुढे तो शहरात गेला, घरी बसून काम करू लागला, आणि हळूहळू त्याच्याकडे येणारे-जाणारे कोणी उरले नाही. तेव्हा त्याने इतक्या वर्षांत जमवलेले पक्ष्यांचे आवाज एका संकेतस्थळावर ठेवले. कुणीतरी ऐकावे, एवढीच त्याची इच्छा होती.

कोण येते, किती वेळ थांबते, हे मोजणारी तीन सॉफ्टवेअर त्याने पारखून पाहण्यासाठी एकाच वेळी बसवली. पहिली दोन भरपूर वर्दळ दाखवत. तिसरे मात्र इनमीन चार माणसे दाखवी.

“तिसरे मी काढूनच टाकणार आहे, गुरुजी,” तो म्हणाला. “त्याला नीट मोजता येत नाही. पहिल्या दोहोंपैकी कोणते ठेवावे, ते तुम्ही सांगा. माणसे दिवसभर येतात, पण एकही जण माझ्याशी बोलत नाही. ही माणसे कोण, ते मला कळायला हवे. नाहीतर भरल्या घरात एकटे बसल्यासारखे वाटते.”

“तू किती वेळा बघतोस?”

“सारखाच. उठल्यावर, जेवताना, मधूनमधून. आधी वेबसाइट उघडून बघतो, मग आकडे.”

गुरुजींनी हात पुढे केला. शिष्याचा फोन आणि लॅपटॉप घेतला, लोखंडी ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावले. “आठवडाभर इथेच राहा,” एवढेच ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाला ही यंत्रे पटत नसावीत, असे शिष्याला वाटले. मन खट्टू झाले, पण त्यांचा शब्द मोडणे त्याला जमले नाही. पहिले काही दिवस त्याचा हात उगाच खिशाकडे जाई. सकाळी दोघे तळ्यावर जात. गुरुजी काठावर बराच वेळ नुसते बसून राहत आणि उडालेले पक्षी परत आले की मगच मोजायला घेत. त्यांना आता कमी ऐकू येई. मधेच ते विचारत, “आत्ता कोण बोलले?” शिष्य पक्ष्याचे नाव सांगे. कितीतरी दिवसांत त्याला कुणी काही विचारले नव्हते.

आठवडा सरल्यावर गुरुजींनी ट्रंक उघडली. शिष्याने अधीर होऊन आकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. पहिले दोन्ही आलेख तो इथे आला त्या दिवसापासून जवळजवळ जमिनीला टेकले होते. तिसऱ्याची रेघ मात्र पूर्वीसारखीच, बारीक आणि शांत, पुढे गेली होती.

मग त्याला आठवले. मोजणीतून वगळण्यासाठी मालकाची स्वतःची उपकरणे कोणती, असे तिसऱ्याने बसवतानाच विचारले होते आणि त्याने ती सांगितली होती. उरलेल्या दोन्हींच्या बाबतीत त्याने ती काळजी घेतली नव्हती.

“म्हणजे ती सगळी गर्दी...”

“तुझीच होती,” गुरुजी हळुवारपणे म्हणाले. “काठावर आपण गेलो की आपल्यामुळे पक्षी हलतात. ती हालचाल मोजली, तर आपण आपल्यालाच मोजतो. एकट्या माणसाचे असेच होते. कुणी आले का पाहायला तो दारात जातो आणि आपल्याच पावलांचा आवाज त्याला पाहुण्याचा वाटतो. जे तुला वगळून मोजते, ते ठेव.”

“पण मग उरतात फारच थोडे.”

“थोडे आहेत, पण दुसरे आहेत. ते कुठे थांबतात ते बघ.”

शिष्याने पाहिले. उदगीरहून कुणीतरी रोज संध्याकाळी येऊन तांबट पक्ष्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकत होते. तोच तो टुक-टुक आवाज. कंटाळवाणा वाटेल म्हणून त्याने तो जवळजवळ गाळलाच होता.

“या माणसाला तुझ्याशी बोलायचे असेल, तर त्याने कुठे लिहायचे?” गुरुजींनी विचारले.

शिष्याने मान खाली घातली. “तशी जागा मी ठेवलीच नाही. ती रिकामी राहील, अशी भीती वाटली.”



घरी परतल्यावर त्याने पहिली दोन सॉफ्टवेअर काढली आणि प्रत्येक पानाखाली लिहिण्यासाठी चौकट ठेवली. ती बरेच दिवस रिकामी राहिली. ते सोसणे सोपे नव्हते, पण या वेळी त्याने ते सोसले. मग एके दिवशी तांबटाच्या पानाखाली मजकूर दिसला:

“आमचे अप्पा अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्या शेतातल्या उंबरावर हा पक्षी असायचा. रोज लावून देते, मग त्यांना झोप लागते. धन्यवाद. रेवती बिराजदार.”

त्याने ते पुन्हा पुन्हा वाचले. मग अप्पांना आणखी कोणते पक्षी आठवतात, असे विचारणारे उत्तर तो लिहू लागला. त्या दिवशी आलेख उघडायचे त्याच्या ध्यानातही आले नाही.

आपल्याकडे कोण येते हे जाणायचे असेल, तर आधी आपल्याला त्यातून वजा करावे.